रताळ्याचे काप

बाहेरच्या खोलीत पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते तेव्हा मला जळकट वास आला. आधी वाटलं, शेजारी कोणी पाचोळा पेटवला असेल. संक्रांतीच्या आधीच्या त्या दिवसांत गडहिंग्लजात कुठं ना कुठं पाचोळा पेटलेला असतोच. पण हा वास गोडसर होता, गूळ पातेल्याला लागल्यावर येतो तसा. मी ताट खाली ठेवून आत गेले.

स्वयंपाकघरात निशांतराव, माझे जावई, स्टुलावर बसून लसूण सोलत होते. ओव्हन त्यांच्या पाठीशी, हातभर अंतरावर. त्याच्या दाराच्या फटीतून निळसर धूर निघून त्यांच्या खांद्यावरून वर चालला होता, आणि ते शांतपणे एकेक पाकळी वाटीत टाकत होते.

“निशांतराव, जळतंय.”

ते दचकले. मागं वळून बघितलं, फडकं घेतलं आणि ट्रे बाहेर ओढला. रताळ्याचे काप कडेनं काळे ठिक्कर पडले होते. विचारात होतो, लक्षच नव्हतं, असं ते म्हणाले. होतं असं कधी कधी, असं मी म्हटलं आणि खिडकी उघडली. पण शेंगा सोलायला परत बसले तरी ते दृश्य डोळ्यांसमोरून जाईना. धूर नजरेला पडला नाही हे मी समजू शकत होते. पण हा माणूस स्वयंपाकी होता, साधासुधा नव्हे, पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात शेफ. लग्न ठरायच्या आधी पहिल्यांदा आमच्याकडं आले तेव्हा उंबऱ्यातच थांबले आणि मला म्हणाले, “आई, आमटीत चिंच आहे, कोकम नाही. आणि मेथीदाणा जरा पुढं गेलाय.” मेथीदाणा खरंच पुढं गेला होता, फोडणीत करपायला आला होता. हर्षदा लाजून हसली होती आणि मला त्या क्षणी तो मुलगा आवडला होता.

काप जळले त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. त्या खेपेला ते आदल्या रविवारी एकटेच आले होते, एक बॅग घेऊन. हर्षदानं फोनवर मला आधी सगळं सांगितलं होतं. निशांतचे मालक नवं हॉटेल काढणार आहेत. आपल्याकडच्या मातीतल्या भाज्या, फळं, कंद घेऊन नव्या धर्तीचे पदार्थ करायचे, असा त्यांचा विचार आहे. त्याची सगळी सूत्रं निशांतकडं द्यायची त्यांच्या मनात आहे, पण त्याआधी त्यानं एक पदार्थ करून दाखवायचा. पुढच्या सोमवारी. पुण्याच्या घरात त्याला सुचत नाही म्हणतो, तुझ्याकडं शांत आहे, आणि रताळी तुझ्याकडचीच हवीत त्याला. मी शनिवारी येते, रविवारी दोघं परत जाऊ.

मला आनंद झाला. दिवाळीनंतर मी दोघांना बघितलं नव्हतं, आणि दिवाळीत बघितलं होतं ते दवाखान्यात. स्कूटरवरून दोघं फराळाचं घेऊन कुणाकडं तरी चालले होते. गाडी हर्षदा चालवत होती. वळणावर खडी पसरलेली होती, गाडी घसरली. तिला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. निशांतराव मागं बसलेले, ते उताणे पडले आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. थोडा वेळ शुद्ध नव्हती. मी पहिल्या गाडीनं पुण्याला पोचले तेव्हा माझी मुलगी दवाखान्याच्या बाकावर बसली होती. तिच्या ओढणीवर त्यांचं रक्त वाळलेलं होतं आणि ती कुणाशीच बोलत नव्हती. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, आत काही नाही, दोन दिवसांनी घरी न्या. तेव्हा कुठं ती रडली. थोडक्यात निभावलं, असं जो तो म्हणत होता. मीही परत आल्यावर काळभैरीला नारळ फोडला.

तर असे ते माझ्याकडं आले आणि त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. जावयानं ओट्याशी उभं राहायचं आणि सासूनं बाहेर बसायचं, हे मला पहिल्या दिवशी फार जड गेलं. हर्षदानं घेऊन दिलेला ओव्हन वर्षभर भरतकामाच्या आच्छादनाखाली होता, त्यावर मी औषधांचे डबे ठेवत असे. ते आच्छादन निघालं. बाजारातून चंदगडकडची लाल सालीची रताळी आली. आमच्याकडं रताळं म्हणजे उपवास. उकडून, नाहीतर तुपात घोळवून, फार तर कीस. त्यावर कांदा-लसूण घालायचा म्हणजे मला तर एकादशीलाच कुणी शिवल्यासारखं वाटलं. तरी कांदा-लसूण मीच काढून दिला.

ते सालं काढून बोटाएवढे काप करायचे, गार पाण्यात भिजत टाकायचे, मग निथळून स्वच्छ पंच्यावर पसरून एकेक काप कोरडा करायचे. वरून तेल आणि तांदळाची पिठी. ट्रेमध्ये एकाला एक लागणार नाहीत असे मांडायचे. मीठ मुळीच नाही, ते शेवटी. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं आणि काप लिबलिबीत होतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. तरी ते लिबलिबीत व्हायचेच. रताळ्यात गोडी फार, ते बटाट्यासारखं ऐकत नाही, असं म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. प्रत्येक ट्रे निघाला की एक काप उचलून कानाजवळ न्यायचे आणि मोडायचे. मला वाटलं, ही शेफ लोकांची काहीतरी रीत असेल.

आणि प्रत्येक गोष्ट मला चाखायला द्यायचे. ठेच्यात लसूण बरोबर आहे का, दही आंबलंय का, जिरं किती भाजलंय. सासूचा मान राखतायत, असं मी समजले, आणि दर वेळी छान आहे म्हणाले.

काप जळले ती गोष्ट मंगळवारची. बुधवारी सकाळी मी देवपूजा आटोपून आत गेले तर ते खलबत्त्यात भाजलेले शेंगदाणे जाडसर कुटत होते. काप, त्यावर गार घट्ट दही, त्यावर ठेचा, कांदा आणि हे शेंगदाणे, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी चिमूटभर कूट तोंडात टाकलं, दोन दाणे मलाही दिले. मी चावले आणि मला मोरीकडं धावावं लागलं. दाणे खवट होते, महिन्याभराचे जुने. टाकून द्यायचे म्हणून मी तो डबा खालच्या फळीवर ठेवला होता, तोच नेमका त्यांनी काढला होता. चूळ भरून वळले तेव्हा ते अजून चावत होते. माझ्याकडं बघून ते थांबले.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ट्रंक कॉल जोडून द्यायचे दिवस होते तेव्हा. एकाचं बोलणं दुसऱ्याला जोडून द्यायचं आणि कानावरचा हेडफोन बाजूला करायचा, असा नियम. तरी कानावर पडायचंच. कुणाचं लग्न मोडलंय, कुणाला पोटाचा कसला रोग निघालाय, हे मला घरच्यांच्या आधी कळायचं. ते मी कधी बाहेर नेलं नाही. पण माणूस काही लपवायला लागला की बोलण्याआधी एक श्वास जास्तीचा घेतो, हे तिथं माझ्या कानाला कळलं होतं. निशांतरावांनी तो श्वास घेतला आणि म्हणाले, “थोडे जुने आहेत वाटतं.”

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

“तुम्हाला वास येत नाही का?”

त्यांनी बत्ता खाली ठेवला. खल पुसला. हात पुसले. मग म्हणाले, “नाही येत.”

दिवाळीपासून येत नव्हता. आधी त्यांना वाटलं सर्दी आहे, औषधांमुळं असेल. एक दिवस हॉटेलात फोडणी करपली आणि बाजूचा पोरगा ओरडला तेव्हा कुठं त्यांना ती करपल्याचं कळलं. मग एकटेच जाऊन नाका-कानाच्या डॉक्टरांना दाखवून आले. डोकं मागून आपटलं की पुढं नाकाच्या वरच्या बाजूला वासाच्या बारीक शिरा असतात त्या कधी तुटतात, असं त्यांनी सांगितलं. वर्षभरात काही येईल, काही येणार नाही. निशांतराव म्हणाले, बोलताना ते डॉक्टर माझ्याकडं बघत नव्हते, तेव्हाच मला समजलं. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढं कळत होतं. बाकी काही नाही. लिंबू आणि चिंच त्यांना एकच झाली होती. हॉटेलात ते आठवणीवर निभावून नेत होते, आणि चाखायला कुणाला तरी पुढं करत होते.

“हर्षदाला माहीत आहे?”

“नाही.”

“बायकोला नाही सांगितलं?”

“आई, गाडी ती चालवत होती.”

 मला दवाखान्यातला बाक दिसला, वाळलेलं रक्त दिसलं. आत काही नाही, या शब्दांवर माझी मुलगी तगली होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्या माणसाच्या नाकाचं दुःख नंतर झालं. आधी बरं वाटलं, की त्यानं तिला सांगितलं नाही. मी म्हटलं, माझ्याकडून कुणाला कळणार नाही. आणि खवट दाणे केराच्या टोपलीत टाकून नवीन भाजायला घेतले.

त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून काम करू लागलो. ते करायचे, मी वास घ्यायची. पण ते वाटलं तेवढं सोपं नव्हतं. मला सवय एकाच शब्दाची. त्यांनी ठेचा पुढं केला, मी हुंगला, चाटला आणि म्हटलं, छान आहे. काप दिले, म्हटलं छान झालेत. चार वेळा असं झाल्यावर त्यांनी वाटी ओट्यावर जरा जोरात ठेवली.

“आई, छान म्हणू नका. छानचा मला काही उपयोग नाही. कसा आहे ते सांगा.”

जावई आवाज चढवून बोलले म्हणून मला आधी राग आला. मग त्यांचा चेहरा बघितला. आंधळ्यानं वाट विचारावी आणि आपण रस्ता सुंदर आहे म्हणून सांगावं, तसं मी करत होते. मी डोळे मिटले आणि पुन्हा वास घेतला. लसणाचा कच्चेपणा गेला होता, पण अजून नाकात टोचत होता. मी म्हटलं, शेजारणीनं फोडणी दिली की आपल्याला उगीच भूक लागते ना, तिच्या थोडं अलीकडचा वास आहे. अजून जरा परता. ते हसले, आल्यापासून पहिल्यांदा. आणि परतला.

मग मला ते जमायला लागलं. भाजलेल्या रताळ्याचा वास कसा येतो विचारलं तर मी सांगितलं, गुऱ्हाळाच्या चुलाणापासून लांब, बांधावर उभं राहिलं तर येतो तसा, गूळ अजून झालेला नाही पण होणार आहे. जिऱ्याला म्हटलं, हा वास नवीन वहीसारखा कोरडा आहे, एवढा कोरडा नको. ते डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे, कुठं काय कमी-जास्त करायचं ते ठरवायचे. कशाची तरी जुनी ओळख पटल्यासारखं दिसायचं ते. कधी मी सांगितलेलं त्यांना पटायचं नाही, मग वाद घालायचे, तांदळाच्या पिठीला असा वास येणारच नाही म्हणायचे, आणि नाक माझंच असल्यामुळं वाद मी जिंकायची. काप आता बरेच कुरकुरीत होऊ लागले होते. भाजून झाल्यावर लगेच बाहेर न काढता ओव्हन बंद करून दार बोटभर उघडं ठेवायचं, आतली वाफ निघून जाऊ द्यायची, ही युक्ती त्यांना गुरुवारी सापडली. त्या दिवशी त्यांनी काप मोडला तो आवाज मला दारातून ऐकू आला.

मला वाटलं, निभेल. सोमवारी ते पदार्थ नेतील, मालक खूश होतील. वास वर्षभरात येईलही परत. हर्षदाला कशाला मध्ये घ्यायचं?

शुक्रवारी मी कोथिंबीर आणि लिंबं आणायला बाजारात गेले. परत येऊन अंगणाचं फाटक उघडलं आणि पाय तिथंच थांबले. गॅसचा वास येत होता. अंगणापर्यंत. मी पिशवी टाकून आत पळाले. ओट्यावर चहाचं पातेलं उतू जाऊन बर्नर विझला होता, बटण चालूच होतं, आणि परसातल्या नळावर रताळी धुऊन आलेले निशांतराव दुसऱ्या शेगडीवर मिरच्या भाजायला म्हणून लायटर हातात घेत होते.

मी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी वळता वळता तो दाबलाही असता. मी त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं लायटर काढून घेतला. मग बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, मागचं दार, खिडक्या सगळं उघडलं आणि त्यांना ओढतच बाहेर आणलं. आम्ही अंगणातल्या पायरीवर बसलो. 

“किती होता?” त्यांनी विचारलं.

“फाटकापर्यंत.”

 शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, काय झालं, मी म्हटलं चहा उतू गेला. त्या गेल्यावर मला पुण्यातलं त्यांचं घर दिसायला लागलं. तिसऱ्या मजल्यावरचं, खिडक्या नेहमी बंद. सुट्टीच्या दिवशी हर्षदा उशिरापर्यंत झोपते आणि हे उठून चहा ठेवतात, हे मला माहीत होतं. तिला दुःख नको म्हणून मी तोंड बंद ठेवलं होतं, आणि ती आत झोपलेली असणार होती.

मी म्हटलं, “मी शब्द दिलाय, मी सांगणार नाही. पण उद्या ती आली की तुम्ही सांगायचं.”

“ती मोडेल, आई.”

“मोडली तर इथं मी आहे. तिकडं गॅस सुटला तर कोण आहे?”

 वास गेला असं मी सांगितल्यावर ते उठले, आत गेले आणि धुतलेली रताळी पंच्यावर पसरायला लागले. मी त्यांना त्या दिवशी पुन्हा विचारलं नाही.

हर्षदा शनिवारी सकाळच्या गाडीनं आली. येतानाच बोलत आली, ऑफिसातलं, गाडीतल्या शेजारणीचं, रस्त्याच्या खड्ड्यांचं. जेवणं झाली. दुपार कलल्यावर निशांतराव म्हणाले, चल, परीक्षा घे माझी. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पाटावर बसलो. त्यांनी ओव्हनचं दार बोटभर उघडून ठेवलं, थांबले, मग ट्रे काढला. खोलगट ताटात काप मांडले, गरम असतानाच वरून मीठ भुरभुरलं. फ्रीजमधून वाटी काढली. चक्क्यासारखं घट्ट, बर्फगार दही होतं, त्याचे गोळे मधेमधे सोडले. त्यावर हिरवा ठेचा, बारीक चिरलेला कांदा, शेंगदाण्याचं जाड कूट, कोथिंबीर. लिंबू पिळून ताट आमच्यामध्ये ठेवलं.

हर्षदानं एक काप उचलला, दह्यात बुडवला, खाल्ला. दुसरा खाल्ला. मग तोंडावर हात धरून निशांतरावांकडं बघितलं आणि म्हणाली, सोमवारचं काही बघायलाच नको, मालक तुला तिथंच चाव्या देतील. इतकं छान तू कधीच केलं नव्हतंस.

ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. मला वाटलं, आता सांगणार नाहीत. एवढं कौतुक झाल्यावर कोण सांगेल?

“हर्षा, मला वास येत नाही,” ते म्हणाले. “चवही फारशी नाही. हे सगळं मी आईंच्या नाकानं केलंय.”

ती आधी हसली, थट्टा वाटून. मग हसणं थांबलं.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

तिनं हातातला काप ताटाच्या कडेला ठेवला. माझ्याकडं वळली. “तुला माहीत होतं?”

“बुधवारी कळलं,” मी म्हटलं.

ती उठली आणि मागच्या दारानं परसात गेली. निशांतराव उठायला लागले, मी त्यांना खुणेनं बसवलं. दारातून ती दिसत होती. धुण्याच्या दगडापाशी आमच्याकडं पाठ करून उभी होती. खांदे हलत नव्हते. हलले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. सोमवारी निशांतरावांनी पदार्थ पुढं ठेवण्याआधी मालकांना खरं काय ते सांगितलं. मालकांनी ताट संपवलं, पाठ थोपटली, आणि नव्या हॉटेलाची सूत्रं दुसऱ्याकडं दिली. त्यांची चूक नव्हती. पुढच्या वर्षी निशांतरावांनी ते हॉटेल सोडलं. आता कोल्हापुरात हॉटेलचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत शिकवतात. मुलांना म्हणे पहिल्या दिवशी डोळ्यांवर पट्टी बांधून भाजी चिरण्याचे आवाज ऐकवतात. वास परत आला नाही. एकदा पेट्रोलपंपावर काहीतरी आल्यासारखं वाटलं म्हणाले, पण ते तेवढंच. त्यांच्या घरी गॅस सुटला की किंचाळणारं यंत्र बसवलंय. हर्षदानं बरेच महिने स्कूटरला हात लावला नाही, मग लावला. अजून मनात येतं का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. गाडी काढताना दर वेळी येतं, म्हणाली, मग निशांत मागं येऊन बसतो.

पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. परसातून तोंड धुतल्याचा आवाज आला आणि ती आत आली. चेहरा ओला, पुसलेला नव्हता. मी जागेवरच ताठ बसले. आता ती माफी मागेल, नाहीतर भांडेल, नाहीतर कुठल्या डॉक्टरांकडं गेला होतास म्हणून विचारेल, असं मला वाटलं. या तिन्हींसाठी मी मनात काही ना काही जुळवून ठेवलं होतं.

ती पाटावर बसली नाही, त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. ताट पुढं ओढलं.

“हे खाताना तुला काय लागतं?” तिनं विचारलं.

मी त्यांच्याकडं बघितलं. इतके दिवस मी त्यांना मला काय लागतं तेच सांगत आले होते. त्यांना काय लागतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांनाही ते नवीन असावं. त्यांनी एक काप उचलला आणि चावून बघितला.

“आधी आवाज,” ते म्हणाले. “तो मला तुमच्याइतकाच येतो. मग चटका. मग आतला मऊपणा. वरून दही गार पडतं, ते दाताला कळतं. गोड कळतं, मीठ कळतं. कांदा करकरतो. दाणे फुटतात. आणि ठेचा झोंबतो. मिरचीचं झोंबणं म्हणजे वास नव्हे, हर्षा, ते सगळं माझ्यापर्यंत पोचतं. डोळ्यांत पाणी येतं तेव्हा मला वाटतं की मी जेवतोय.”

ते थांबले. हर्षदानं ताट थोडं त्यांच्याकडं सरकवलं.

“भात मला ओल्या कापसासारखा लागतो. आमटी म्हणजे गरम पाणी. डिसेंबरमध्ये कुडाळला घरी गेलो होतो, माझ्या आईनं बांगडे तळले होते. मी सगळे खाल्ले, वा म्हणालो, आणि मागं जाऊन बसलो. मालकांनी काही सुचव म्हटलं तेव्हा मी त्यांच्यासाठी शोधत नव्हतो. मला खाता येईल असं काहीतरी शोधत होतो. एवढं एकच सापडलं.”

म्हणून ते रोज तेच करत होते. ट्रेमागून ट्रे, कानाशी धरून मोडत. आणि मी समजत होते, सोमवारची तयारी चाललीय.

हर्षदानं डाव्या हातानं नाक घट्ट दाबलं. उजव्या हातानं एक काप उचलला, दही आणि ठेचा घेतला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून चावत राहिली. स्वयंपाकघरात तेवढाच आवाज होता. गिळल्यावर तिनं लगेच दुसरा घेतला, नाक न सोडता. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते ठेच्याचं किती आणि कशाचं किती, हे मी सांगू शकणार नाही. निशांतराव तिच्या जबड्याकडं बघत होते, एखाद्याची भाषा कळायला लागल्यासारखे.

मीही नाक दाबलं. माझ्या वयाच्या बाईनं असं करावं याची मला तेव्हा लाज वाटली नाही. काप तोंडात टाकला आणि घाबरले. लसूण गेला, कोथिंबीर गेली, गुऱ्हाळ गेलं. कुणीतरी दिवा मालवावा तसं सगळं गेलं. मग दाताखाली तो मोडला. मग गार दही. मग जीभ भाजायला लागली.

“कांदा फार बारीक आहे,” हर्षदा म्हणाली. नाक दाबलेलं असल्यामुळं तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. “असा कळतच नाही. जाड हवा.”

निशांतराव उठले. टोपलीतला एक कांदा घेतला, सोलला, फळीवर ठेवला. आठवडाभर प्रत्येक गोष्टीला ते आधी माझ्याकडं बघायचे. या वेळी त्यांनी बघितलं नाही. सुरी उचलली आणि कांदा जाडच चिरला.